हातातली नोंद आणि दप्तरातली नोंद : जालना जिल्ह्यातील जुळवणीच्या प्रश्नाचा आढावा

शेताच्या बांधावर, एसटीच्या गाडीत किंवा अंगणवाडीत हातातल्या यंत्रावर केलेली नोंद आगारातल्या, तहसील कार्यालयातल्या किंवा दूरच्या सर्व्हरवरच्या मुख्य नोंदीशी मिळवून घेणे आणि दोन्ही ठिकाणी एकच मजकूर राहील असे पाहणे, या क्रियेला व्यवहारात सिंक करणे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी जुळवणी हा शब्द वापरला आहे. जुळवणी अडली की ‘रेंज नाही’ आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ ही दोन कारणे सर्वत्र ऐकू येतात आणि पुष्कळदा ती खरीही असतात. मात्र रेंज आल्यावर व सर्व्हर सुरू झाल्यावरही नोंद गहाळ झालेली, दोनदा चढलेली किंवा जुनीच राहिलेली आढळते, तेव्हा बिघाडाचे मूळ जोडणीत नसते. दोन प्रतींपैकी प्रमाण कोणती मानायची, एकच नोंद दोन्हीकडे कशावरून ओळखायची आणि ती पोहोचल्याची पोच कोणाच्या हाती राहणार, हे आधी ठरवलेले नसते, आणि त्या न ठरवण्याचा भार शेवटी यंत्र हातात असलेल्या माणसावर पडतो. औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा काढून आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका जोडून १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आज पीकपेऱ्याची नोंद, एसटीचे तिकीट, बालकाचे वजन आणि रेशनचे धान्य यांतील प्रत्येक गोष्ट अशा एखाद्या यंत्रातून जात असल्याने हा प्रश्न तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही.

प्रश्नाचा आरंभ खिशात मावणाऱ्या संयोजकांपासून, म्हणजे पत्ते, भेटीच्या वेळा आणि टिपणे ठेवणाऱ्या छोट्या यंत्रांपासून झाला. पाम कंपनीचे पायलट हे यंत्र १९९६ मध्ये बाजारात आले आणि ते लोकप्रिय होण्याचे एक मोठे कारण ‘हॉटसिंक’ ही सोय होती. यंत्र त्याच्या बैठकीवर ठेवून एक बटण दाबले की केबलमधून टेबलावरच्या संगणकाशी त्याची जुळवणी होई. या सोयीमागची योजना आजही अभ्यासण्याजोगी आहे. प्रत्येक नोंदीला स्वतःचा एक ओळख-क्रमांक असे आणि नोंद बदलली की तिच्यावर ‘बदलली’ अशी खूण चढत असे. यंत्राची मागील जुळवणी त्याच संगणकाशी झाली असेल तर केवळ खूण असलेल्या नोंदी तपासल्या जात; ती दुसऱ्या संगणकाशी झाली असेल तर त्या खुणांवर विसंबता येत नसे आणि सर्व नोंदी एकेक करून ताडून पाहाव्या लागत. एकच नोंद दोन्ही ठिकाणी वेगवेगळी बदललेली आढळली तर यंत्र स्वतः निवाडा करत नसे, दोन्ही प्रती ठेवून निर्णय माणसावर सोपवत असे. माहिती फुकट जाण्यापेक्षा ती दोनदा दिसणे बरे, हा त्यामागचा विचार होता आणि तो योग्यच होता.

त्या काळातील बिघाडही बोलके आहेत. केबलचे टोक मळलेले असणे, संगणकाचे तेच पोर्ट दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवून ठेवलेले असणे, जोडणीचा वेग केबलला झेपेल त्यापेक्षा जास्त ठेवलेला असणे हे सरळ दोष होते आणि स्वच्छता करून, प्रोग्रॅम बंद करून किंवा वेग उतरवून ते दूर होत. वापरकर्त्याचे नाव यंत्रात एक व संगणकात दुसरे पडले तर मात्र संगणक त्या यंत्राला नवीन समजे आणि सगळे पत्ते दुप्पट होऊन बसत. सेल पूर्ण उतरल्यावर यंत्राची स्मृती पुसली जाई आणि तशा रिकाम्या यंत्राची जुळवणी करण्यापूर्वी ‘संगणकाची प्रत यंत्रावर उतरवावी’ की ‘यंत्राची प्रत संगणकावर चढवावी’ हे मुद्दाम ठरवणे आवश्यक असे, कारण दुसरा पर्याय चुकून निवडला गेल्यास शाबूत असलेली प्रतही रिकामी होण्याचा धोका होता. केबल गेली, बैठक गेली, संगणकाची जागा सर्व्हरने घेतली, तरी दोषांचे हे दोन वर्ग तसेच राहिले: पहिल्या वर्गातले दोष जोडणी सुधारली की जातात, दुसऱ्यातले जोडणी सुधारल्यावरच उघडे पडतात.

संगणकशास्त्राने दुसऱ्या वर्गाचा विचार बराच आधी सुरू केला होता. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की वेगवेगळ्या यंत्रांवरील घटनांचा क्रम लावण्यासाठी त्या यंत्रांच्या घड्याळांवर भरवसा ठेवता येत नाही आणि त्यासाठी प्रत्येक घटनेला चढता क्रमांक देण्याची वेगळी रीत लागते. कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोडा या प्रणालीत, जोडणी तुटलेली असतानाही काम चालू ठेवून नंतर ते मुख्य प्रतीत मिसळण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा की तुटलेली जोडणी हा अपवाद न मानता नेहमीची स्थिती मानून रचना केली तरच यंत्र ग्रामीण भागात टिकते. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि दक्षिणेला गोदावरीचा काठ असलेल्या या जिल्ह्यात ही गोष्ट विशेष लागू पडते.

जिल्ह्यात जुळवणीचे सर्वांत शिस्तशीर उदाहरण एसटीच्या आगारात दिसते. राज्य परिवहन महामंडळाच्या जालना विभागात जालना, अंबड, परतूर आणि जाफराबाद अशी आगारे आहेत. वाहक कामगिरीवर निघताना तिकिटाचे यंत्र ताब्यात घेतो, त्यात त्या दिवसाच्या फेऱ्या, मार्गावरचे टप्पे आणि दर आधीच भरलेले असतात; परत आल्यावर यंत्रातील विक्रीचा हिशेब आगारातील संगणकावर उतरवला जातो आणि वे-बिलाशी, म्हणजे फेरीनिहाय विक्री दाखवणाऱ्या हिशेबाच्या कागदाशी, ताडून वाहकाकडची रक्कम जमा होते. या व्यवस्थेचा गाभा असा की माहितीच्या प्रत्येक प्रकाराला एकच धनी आहे. दरांचा धनी आगार असून ते नेहमी वरून खाली येतात, आणि विक्रीचा धनी यंत्र असून ती नेहमी खालून वर जाते. एकाच आकड्यावर दोन्ही बाजूंनी हात फिरत नसल्यामुळे संघर्षाला जागाच उरत नाही.

तरीही दरांची प्रत शिळी राहिली तर काय होते, हे दरबदलाच्या दिवशी कळते. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून लागू झाली आणि १४.९५ टक्क्यांची भाडेवाढ २५ जानेवारी २०२५ पासून आली. अशा दिवशी प्रत्येक आगारातील प्रत्येक यंत्रात नवा तक्ता वेळेत उतरणे भाग असते, नाही तर एकाच मार्गावर एकामागून एक सुटलेल्या दोन गाड्यांत दोन दर आकारले जातील आणि प्रवाशाच्या प्रश्नाला तोंड वाहकाला द्यावे लागेल. रात्रमुक्कामाला खेड्यात गेलेल्या गाडीतील यंत्र मध्यरात्री आगारात नसते, ही अडचण तर वेळापत्रकातच आहे. म्हणून नवा दर आधीच यंत्रात भरून त्याला अंमलाची तारीख जोडणे, हा त्यावरचा खरा उपाय ठरतो, आणि तो लागू पडायचा तर यंत्राचे घड्याळ बरोबर असले पाहिजे.

यंत्र वाटेत बंद पडले तर वाहक छापील तिकिटांवर येतो, आणि येथे जुन्या पद्धतीचे एक सामर्थ्य दिसते. छापील तिकिटांवर सलग अनुक्रमांक असतात, गड्डीचा आरंभीचा आणि अखेरचा क्रमांक वे-बिलावर लिहिलेला असतो, त्यामुळे मधले एक तिकीट गहाळ झाले तरी ते गहाळ झाल्याचे दिसते. सलग क्रमांक हा जुळवणीतला सर्वांत स्वस्त पुरावा आहे: नोंदी किती आल्या यापेक्षा कोणती आली नाही, हे त्यावरून समजते. ज्या प्रणालीत ही सोय वापरणाऱ्याच्या नजरेसमोर नसते, तेथे नोंद हरवली याचा पत्ता ती हरवल्यावर बऱ्याच दिवसांनी लागतो.

शेतीच्या नोंदीत नेमके हे घडण्याचा धोका आहे. पूर्वी तलाठी गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद करत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन, लागवडीची तारीख आणि पिकाचे छायाचित्र नोंदवावे, अशी पद्धत आली. छायाचित्रासोबत अक्षांश-रेखांश घेतले जातात, नोंद आधी मोबाईलमध्ये साठते आणि जाळे मिळाल्यावर वर चढवता येते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत नोंद स्वयंघोषित मानून त्यातील १० टक्के नोंदी तलाठ्यांनी पडताळाव्यात आणि खातेदाराला ४८ तासांच्या आत दुरुस्ती करता यावी, अशी तरतूद आली. २०२४ पासून ही व्यवस्था केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडली गेली आणि शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या क्षेत्राची नोंद सहायकांमार्फत होऊ लागली. शेतकऱ्याला स्वतःच्या पिकाचा साक्षीदार करणारी ही कल्पना मोलाची आहे, आणि म्हणूनच तिच्यातील जुळवणीचे दोष गांभीर्याने पाहिले पाहिजेत.

पहिला दोष शिळ्या प्रतीचा. मोबाईलमध्ये उतरलेली खातेदाराची माहिती ही महसुली अभिलेखाची प्रत असते. वाटणी, वारस किंवा खरेदीचा फेरफार मंजूर होऊन सातबारा बदलला आणि मोबाईलमधली माहिती पुन्हा उतरवून घेतली नाही, तर शेतकरी जुन्याच हिश्शावर पीक नोंदवत राहतो. दुसरा सामाईक खात्याचा. दोन भावांनी एकाच गटावर आपापल्या मोबाईलवरून सोयाबीन आणि कापूस नोंदवले तर दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या असूनही त्यांची बेरीज गटाच्या क्षेत्राहून जास्त होऊ शकते, आणि आधी पोहोचलेली नोंद टिकवावी की नंतरची, याचे न्याय्य उत्तर कोणत्याही यंत्राला देता येणार नाही; ते भावांनी आधी बोलून क्षेत्र वाटून घेण्यातच आहे. तिसरा दोष सर्वांत घातक. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येत असल्याने वाडीवस्तीवर एखादा जाणता मुलगा सगळ्यांची पाहणी करून देतो, ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु दिवसभर बांधाबांधाने फिरून भरलेल्या नोंदी वर चढण्यापूर्वी ‘अ‍ॅप अडकले आहे’ म्हणून ते काढून नव्याने घेतले, तर न चढलेल्या सर्व नोंदी त्याबरोबर पुसल्या जातात, आणि ज्यांच्या त्या होत्या त्यांना त्याची खबरही लागत नाही.

त्या नोंदीचे मोल किती, हे २०२४ मध्ये दिसून आले. २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत, देण्याची योजना राज्याने आणली तेव्हा लाभासाठी प्रारंभी ई-पीक पाहणीची नोंद आवश्यक धरली गेली. पीक काढले असूनही नोंद नसलेल्या शेतकऱ्यांची संख्या पुढे आल्यावर सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांनाही सामावून घेण्यात आले. कापूस आणि सोयाबीन हीच ज्या जिल्ह्याची मुख्य खरीप पिके, तेथे या अटीचा अर्थ सरळ होता: बांधावर उभे राहून पाहणी केली पण ती चढली नाही, अशा शेतकऱ्याची स्थिती पाहणीच न केलेल्या शेतकऱ्यासारखी झाली. त्याच्या हाती पोच नव्हती.

जोडणीचे दोषही येथे आहेतच, मात्र त्यांचे निवारण सोपे आहे. नोंदीतील अक्षरे थोडी आणि छायाचित्र जड असते, त्यामुळे मंद जाळ्यावर अडते ते छायाचित्र. म्हणून सगळ्या नोंदी एकदम न चढवता एकेक चढवणे आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसांची गर्दी टाळणे उपयोगी पडते. उपग्रहावरून स्थान घेण्यासाठी मोबाईलला रेंजची गरज नसते, पण रेंज नसताना पहिले स्थान मिळायला वेळ लागतो. मोसंबीच्या दाट बागेत तो आणखी लागू शकतो, तेव्हा बांधावर मोकळ्या आभाळाखाली थोडे थांबून स्थान स्थिर झाल्यावर छायाचित्र घेणे बरे.

ओळख-क्रमांकाचा प्रश्न मराठीत लिपीमुळे अधिक बिकट होतो, आणि त्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. शासकीय कार्यालयांतील मजकूर अनेक वर्षे अशा फाँटांमध्ये भरला गेला की ज्यांत पडद्यावर मराठी दिसे, पण यंत्राच्या दृष्टीने आत रोमन अक्षरांचे संकेत असत. तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटली. युनिकोडमध्येही अडचण संपत नाही. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: एकात ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडला जातो, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह येते. वाचणाऱ्याला दोन्ही आडनावे एकसारखी दिसतात, यंत्राला ती दोन माणसे वाटतात, आणि युनिकोडच्या सर्वसाधारण प्रमाणीकरणातही हे दोन प्रकार एक होत नाहीत. एक कळफलक पहिला प्रकार देतो, दुसरा दुसरा देतो. गट क्रमांकाचेही तसेच: १२/अ मधला बारा देवनागरी अंकांत एका ठिकाणी आणि रोमन अंकांत दुसऱ्या ठिकाणी भरला गेला, किंवा तिरप्या रेघेच्या आधी एक मोकळी जागा सुटली, की शोध रिकामा येतो आणि पलीकडचा माणूस ‘तुमची नोंदच नाही’ असे सांगतो. म्हणून नावावरून जुळवणी कधीही करू नये, गावाचा संकेतांक, खाते क्रमांक आणि गट क्रमांक यांवरूनच करावी, आणि अंक साठवण्यापूर्वी एका लिपीत आणावेत, हा नियम मराठी प्रदेशातील प्रत्येक प्रणालीला बंधनकारक असायला हवा. पायलटमध्ये नाव बदलल्याने पत्ते दुप्पट होत, त्याच दोषाचे हे मराठी रूप आहे.

अंगणवाडीच्या बाबतीत प्रश्न यंत्राच्या कुवतीचा आणि दुहेरी नोंदीचा आहे. पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप मार्च २०२१ मध्ये आले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. अपुरी स्मृती, वारंवार बिघाड आणि इंग्रजीत असलेले अ‍ॅप या त्यांच्या तक्रारी होत्या. स्मृती भरलेला मोबाईल नवी आवृत्ती घेऊ शकत नाही, जुन्या आवृत्तीची नोंद सर्व्हर स्वीकारीलच असे नाही, आणि दरम्यान वजन-उंचीचे आकडे वहीत लिहावेच लागतात, म्हणून सेविकेला तेच काम दोनदा करावे लागते. येथे वहीला दुय्यम समजणे चूक आहे. जोवर पोहोचलेल्या नोंदींची पोच सेविकेला दिसत नाही, तोवर वही हीच प्रमाण प्रत आहे आणि तिला तसा दर्जा लेखी देणे न्यायाचे ठरेल. रेशनच्या ई-पॉस यंत्राची गत उलट आहे: अंगठ्याची ओळख सर्व्हरवरच पटवावी लागत असल्याने यंत्रात स्वतंत्र प्रतच राहत नाही, जुळवणीचा बिघाडही संभवत नाही, पण जाळे तुटले की रांग जागीच थांबते. कोणता तोटा पत्करायचा, हे रचना करणारा ठरवतो आणि सोसतो दुसराच.

बिघाड झालाच, तर निवारणाचा क्रम फार महत्त्वाचा असतो, कारण नुकसान बहुधा मूळ दोषाने न होता घाईच्या उपायाने होते. प्रथम काहीही पुसू नये, अ‍ॅप काढू नये आणि यंत्र मूळ स्थितीत आणू नये. न चढलेल्या नोंदी किती व कोणत्या आहेत हे पाहून त्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि गट क्रमांक कागदावर उतरवावेत. त्यानंतर तारीख-वेळ आपोआप घेण्याची सोय चालू आहे का, स्मृतीत जागा आणि बॅटरीत चार्ज आहे का, आवृत्ती चालू आहे का, हे तपासावे. नवी आवृत्ती घेण्यापूर्वी जुन्यातील नोंदी चढवून घ्याव्यात. चढवल्यावर यंत्रावर ‘यशस्वी’ असे दिसले एवढ्यावर थांबू नये, तर दुसऱ्या टोकाला जाऊन पाहावे: अ‍ॅपमध्ये गावातील खातेदारांची पीक पाहणी दाखवणारा विभाग आहे, आणि नंतर सातबाऱ्यावरही ती नोंद उमटते. ४८ तासांची दुरुस्तीची सवड वापरायची तर ही तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. तेथे नोंद नसेल तर स्क्रीनशॉट आणि गट क्रमांकांसह गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

अशी पोच नोंद देणाऱ्याला मागावी न लागता आपोआप मिळावी, हे २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातगणनेत काही अंशी साधले होते. त्या वेळी देशभर सुमारे ६ लाख ४० हजार हातातली टॅब्लेट यंत्रे वापरली गेली. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीतील माहिती त्यांत आधी भरलेली होती, प्रगणक व नोंद करणारा सहायक जोडीने घरोघरी जात, भरलेला मजकूर कुटुंबाला वाचून दाखवला जाई आणि सही केलेली पोचपावती दिली जाई. त्यानंतर प्रारूप याद्या प्रसिद्ध करून हरकती मागवल्या गेल्या. नोंद देणाऱ्याला यंत्रातला मजकूर ऐकवणे आणि त्याच्या हाती कागद ठेवणे, या दोन गोष्टी कोणत्याही सर्व्हरच्या क्षमतेपेक्षा अधिक उपकारक आहेत.

१ मार्च २०२७ हा संदर्भदिन असलेल्या जनगणनेत प्रगणक मोबाईल अ‍ॅपवर नोंद करणार असून घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळासाठी ठरला आहे. २०११ मध्ये १९ लाख ५९ हजार लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात प्रगणकांच्या प्रशिक्षणात प्रश्नावलीइतकाच वेळ या गोष्टींना द्यावा लागेल: दिवसाअखेर घरक्रमांकांची सलगता तपासणे, न चढलेल्या नोंदींची यादी पर्यवेक्षकाला दाखवणे आणि ती रिकामी होईपर्यंत मोबाईल न बदलणे. ज्या कुटुंबांनी स्वगणनेचा पर्याय घेऊन माहिती स्वतः भरली असेल, त्यांना एक ओळख-क्रमांक मिळतो आणि प्रगणक दारी आल्यावर त्याच क्रमांकावरून दोन्ही नोंदी एकत्र येतात. तो क्रमांक मोबाईलमधल्या संदेशावर न सोडता कुटुंबाने कागदावर लिहून ठेवावा आणि प्रगणकाने तो अंकाअंकाने वाचून खात्री करून घ्यावी.